संधीची समानता आणि आपला विद्यानिधी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी कोणी मोठा वक्ता नव्हे. याच मंडळाच्या वसतिगृहात चार वर्षे राहिलेला, आणि पुढे नोकरीतून निवृत्त झाल्यावर याच मंडळाच्या विद्यानिधी समितीवर काम केलेला एक जुना सभासद, एवढाच माझा अधिकार. तेव्हा माझे बोलणे घरच्या माणसाचे बोलणे समजून आपण गोड मानून घ्यावे.

आताच आपण आपल्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार केला. कोणाला शेकडा ९६ गुण मिळाले, कोणाला ९४. त्यांच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाही समाधान वाटले. या मुलांचे यश खरे आहे, त्यांचे श्रमही खरे आहेत. तथापि टाळ्या वाजत असताना माझ्या मनात एक प्रश्न सारखा घोळत होता आणि तोच आज आपणापुढे मांडावा, असे मी योजले आहे. या व्यासपीठावर जी मुले आली, ती आपण पाहिली. जी येऊ शकली नाहीत, ती कोण? ती का आली नाहीत?

आपले संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. त्याच्या उद्देशिकेतच दर्जाची आणि संधीची समानता सर्व नागरिकांना मिळवून देण्याचा संकल्प आहे. हे शब्द आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहेत. परंतु संधीची समानता म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. दार सर्वांना उघडे आहे, आत येण्यास कोणास मज्जाव नाही, एवढ्याने समानता झाली, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. आम्हा कोकणातल्या माणसांना याचे उत्तर शेतावरच सापडते. पाऊस सगळ्या गावावर सारखाच पडतो. खाचरात तो साठतो आणि भात पिकते. कातळावरून तो वाहून जातो आणि मागे शेवाळ तेवढे राहते. पावसाने कोणताही पक्षपात केलेला नसतो. म्हणून कातळावरच्या शेतकऱ्याला आळशी म्हणणे न्यायाचे होईल काय?

हा विचार आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो फार पूर्वी मांडला गेला आहे. सन १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारला खडसावून सांगितले होते, की रयतेच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले मात्र अक्षरशून्य राहतात. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. पुढे १९११ साली नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. १९१२ साली ते फेटाळले गेले. जे काम ब्रिटिश सरकारने नाकारले, ते कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१७ साली हाती घेतले आणि प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

शाहू महाराजांच्या कार्यातील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखून ठेवण्याची आज्ञा काढली, हे आपण जाणतो. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले होते, आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. नुसती जागा राखून भागत नाही. त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्यास छप्पर आणि पोटाला दोन वेळचे अन्न लागते, हे महाराजांनी ओळखले होते. आपल्या मंडळाच्या वसतिगृहाची कल्पनाही त्याच परंपरेतील होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. त्यांच्या बुद्धीला तेथे जे क्षितिज लाभले, त्याचे फळ पुढे साऱ्या देशाला मिळाले. परंतु शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. विद्या होती, पदवी होती, नोकरी होती. तरीही जातीच्या नावाने दार बंद झाले. संधी ही एकाच दाराची गोष्ट नाही. एकामागून एक अनेक दारे असतात, आणि त्यांतील एक जरी बंद असले तरी बाकीची उघडी असून उपयोग होत नाही.

बंधुभगिनींनो, थोरांच्या चरित्रातून आता मी आपल्यासारख्या सामान्यांच्या घरात येतो. आत्मकथन करण्याचा माझा हेतू नाही. परंतु विषय मला जसा समजला, तसाच सांगितला पाहिजे.

माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावी झाला. घरी थोडी भातशेती, बाकी वरकस जमीन. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी माझी बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो. गावच्या शाळेत सातवीपर्यंतचे वर्ग होते. मला पाढे अक्काने शिकविले, त्रैराशिक अक्काने शिकविले, आणि शुद्धलेखनातील माझ्या चुकाही तिनेच काढल्या. १९६१ साली ती सातवीची परीक्षा, जिला त्या काळी लोक फायनल म्हणत, उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. गुरुजी स्वतः आमच्या घरी आले आणि मुलीला पुढे शिकवा, म्हणून वडिलांना सांगून गेले. माध्यमिक शाळा पाच मैलांवर होती. वाटेत एक पऱ्या लागे, त्यावर साकव होता. आणि पावसाळ्यात तो साकव वाहून जाई. शाळेच्या गावी मामांचे घर होते. परंतु मुलीला दुसऱ्याच्या घरी कसे ठेवावयाचे, असा प्रश्न निघाला. अक्काचे शिक्षण तेथे थांबले.

तीन वर्षांनी मी सातवी उत्तीर्ण झालो. गुण अक्कापेक्षा कमी होते. अंतर तेच होते, साकव तोच होता, घरची मिळकतही तीच होती. या वेळी मात्र मामांच्या घरी राहण्याची सोय आठ दिवसांत झाली. माझे वडील दुष्ट नव्हते. दोन्ही वेळा त्यांना जे योग्य वाटले, तेच त्यांनी केले. त्यांना ते योग्य वाटले, यातच त्या विषमतेचे बळ होते. अन्याय करणाऱ्याला तो अन्याय वाटत नाही आणि सोसणाऱ्यालाही तो व्यवहारच वाटतो. अशी विषमता कोणत्याही कायद्याला सहज सापडत नाही.

१९६८ साली मी शेकडा ५२ गुणांनी एस.एस.सी. झालो आणि मुंबईस आलो. परळ-लालबागच्या गिरण्यांतील आपल्या ज्ञातिबांधवांनी पगाराच्या दिवशी चार-चार आणे काढून जमविलेल्या निधीतून मंडळाचे वसतिगृह चालत असे. प्रवेशासाठी मला तेव्हाच्या चिटणीसांपुढे उभे करण्यात आले. त्यांनी माझे गुणपत्रक पाहिले आणि बाजूला ठेवले. मग त्यांनी विचारले, "शाळा किती लांब होती? अभ्यासाला घरात दिवा होता काय? घरी शिकलेले कोण आहे?" मी अक्काचे नाव सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तिला का नाही आणले?" मला उत्तर देता आले नाही. मला खाट मिळाली. त्या एका खाटेवर माझे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले.

आता आजची स्थिती पाहू. देश पुष्कळ पुढे गेला, हे मान्य केलेच पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत शंभरांपैकी सुमारे १८ माणसे साक्षर होती, आणि स्त्रियांत तर जेमतेम ९. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण शेकडा ७० च्या वर गेले. तरीही पुरुषांत ते ८० हून अधिक आणि स्त्रियांत ६५ च्या आसपास, म्हणजे अक्का आणि मी यांच्यामधले अंतर पुरते मिटलेले नाही. २००२ साली संविधानात दुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. परंतु हा हक्क वयाच्या सहाव्यापासून चौदाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे साधारणपणे आठवीपर्यंतचा आहे. माझी अक्का जेथे थांबली, त्याच्या जेमतेम एक इयत्ता पुढे कायद्याचा हात सुटतो. त्यानंतर मुलीला बसचा पास कोण काढून देणार, शहरात ती कोठे राहणार, या प्रश्नांची उत्तरे पुन्हा घरच्या ऐपतीवर आणि घरच्या समजुतीवर येऊन पडतात.

उच्च शिक्षणाची कथा आणखी निराळी. १९८३ सालापासून आपल्या राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली. जागा वाढल्या, हे खरे. पण शुल्कही वाढले. २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा सक्तीची झाली. प्रश्नपत्रिका सर्वांना एक, वेळ एक, नियम एक. याहून अधिक समानता ती कोणती, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु त्या प्रश्नपत्रिकेपुढे बसलेला एक विद्यार्थी आठवीपासून खाजगी शिकवणीला जात असतो आणि त्यासाठी त्याच्या घरचे लाखो रुपये खर्च झालेले असतात. दुसऱ्याच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी असते. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही दरी उघड्या डोळ्यांनी दिसली. शहरातल्या घरात प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र मोबाईल होता. गावाकडे तीन भावंडांत एक, आणि तोही वडील कामावरून परत आल्यावर. रेंज मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन बसलेली मुले आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

आणखी एक विषमता आहे, तिची चर्चा फार होत नाही. ती माहितीची विषमता. खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल व वंचित घटकांसाठी शेकडा २५ जागा ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. अनेक शिष्यवृत्त्या आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, ठराविक उत्पन्नमर्यादेतील मुलींसाठी राज्य शासनाने २०२४ साली शुल्कमाफीही वाढविली. परंतु अर्ज कधी भरावयाचा, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, जातपडताळणीसाठी कोणता कागद लागतो, हे ज्याच्या घरात कोणी सांगणारे असते, त्यालाच ही सवलत वेळेवर मिळते. ज्याच्या घरात असे कोणी नाही, त्याला ती योजना मुदत संपल्यावर कळते. सवलत गरिबासाठी आणि तिची वाट शिकलेल्याला ठाऊक, असा हा विचित्र प्रकार आहे.

सरकारला दोष देणे सोपे आहे. मी आज आपल्या घराकडे बोट दाखविणार आहे, आणि त्यात पहिले बोट माझ्याकडेच आहे.

मी विद्यानिधी समितीवर असताना आपण एक नियम केला, की शेकडा ७५ पेक्षा कमी गुण असणाऱ्यांचे अर्ज विचारात घेऊ नयेत. अर्ज फार येत, पैसा थोडा असे, आणि गुणांचा नियम लावला की कोणी नावे ठेवू शकत नसे. तो नियम मीच सुचविला होता. एके वर्षी माझ्यापुढे एका मुलीचा अर्ज आला. गुण ६१. सोबत मुख्याध्यापकांचे पत्र होते, की मुलगी रोज दोन तास चालून शाळेत येते, आई आजारी असल्यामुळे स्वयंपाक करून येते, आणि शाळेत गणिताचे शिक्षक अर्धे वर्ष नव्हते. मी पत्र वाचले. नियमाप्रमाणे अर्ज नामंजूर असा शेरा मारला आणि खाली सही केली. त्याच दिवशी ज्यांच्या वडिलांना आमच्या मदतीची काडीमात्र गरज नव्हती, अशा दोन मुलांना आम्ही शिष्यवृत्ती दिली. ५२ गुणांवर ज्याला या मंडळाने खाट दिली होती, त्याने ६१ गुणांच्या मुलीला परत पाठविले. ती मुलगी आज काय करते, ते मला ठाऊक नाही. पत्ता शोधावयास गेलो, तेव्हा ते कुटुंब गाव सोडून गेले होते.

यावर कोणी विचारील, की मग गुणवत्तेला काही किंमतच नाही काय? आहे, निश्चित आहे. परंतु गुणवत्ता मोजताना माणूस कोठे पोहोचला, याबरोबरच तो कोठून निघाला, हेही पाहिले पाहिजे. दोन तास चालून, चूल पेटवून, शिक्षकाविना मिळविलेले ६१ गुण हे शिकवणी आणि स्वतंत्र खोली यांच्या बळावर मिळविलेल्या ९१ गुणांपेक्षा कमी योग्यतेचे आहेत, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? मागास वर्गांतील पुढारलेल्या कुटुंबांना आरक्षणाच्या लाभातून वगळावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला. आपल्या मंडळालाही तोच विवेक लागू पडतो. एका ज्ञातीत जन्मलो, म्हणून आपण सारे सारखे झालो नाही. मुंबई-पुण्यात घर असलेला आणि गावी दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, दोघेही आपलेच. पण दोघांची गरज एक नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि तो या सभागृहात विचारणे कदाचित काहींना रुचणार नाही. आपण आपल्या ज्ञातीपुरती संधी निर्माण करतो. ज्यांचे मंडळ नाही, निधी नाही, शहरात खोली नाही, त्यांच्या मुलांचे काय? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरील सोने मोडले; तेव्हा ताटावर बसलेल्या मुलाची जात त्यांनी विचारली नाही. आपल्या पूर्वजांनी ज्ञातिमंडळ काढले, ते त्या काळी आपल्याला दुसरा आधार नव्हता म्हणून. आज आपल्यापाशी थोडेफार आहे. ज्यांना आज आधार नाही, त्यांच्याकडे पाठ फिरवून आपण संधीच्या समानतेच्या गोष्टी बोलू लागलो, तर त्या शब्दांना अर्थ उरणार नाही.

म्हणून मी मंडळापुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली अशी, की विद्यानिधीतील निदान अर्धी रक्कम केवळ गरज पाहून द्यावी. तेथे गुणांची अट उत्तीर्ण होण्यापुरती असावी, आणि अर्जाबरोबर घरच्या परिस्थितीची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. दुसरी अशी, की आठवीनंतर आणि दहावीनंतर शिक्षण सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलींसाठी बसभाडे, सायकल आणि शहरात राहण्याची सोय यांकरिता स्वतंत्र तरतूद असावी. कारण शुल्क माफ झाले, तरी खोलीभाडे आणि खानावळ माफ होत नाही. तिसरी अशी, की जून महिन्यापूर्वी आपल्या शिकलेल्या तरुणांनी गावोगाव जाऊन दाखले, अर्ज आणि मुदती यांची माहिती द्यावी, आणि अर्ज भरून द्यावेत. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. चौथी अशी, की वसतिगृहातील काही जागा आपल्या गावांतील कोणत्याही जातीच्या गरजू मुलांसाठी खुल्या ठेवाव्यात.

गुणगौरव समारंभ बंद करा, असे माझे म्हणणे नाही. यशाचे कौतुक झालेच पाहिजे. फक्त पुढल्या वर्षी या व्यासपीठावर अशीही काही मुले असावीत, की ज्यांचे गुण ऐकून टाळ्या वाजणार नाहीत. पण ज्यांची वाट ऐकून आपण सारे उठून उभे राहू.

माझी अक्का आज गावीच असते. तिच्या मुली शिकल्या, नाती महाविद्यालयात आहेत. आपली ही स्मरणिका टपालाने पोहोचली, की ती चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते आणि मुद्रणातील चुका पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवते. हे भाषणही ती वाचील. त्यातही दोन-चार चुका तिला सापडतील. चिटणीसांनी सत्तावन्न वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न मात्र मी तिला कधीच सांगितला नव्हता. तो तिला आता येथे वाचावयास मिळेल. त्याचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही. निदान दुसऱ्या कोणाच्या अक्केविषयी तो प्रश्न विचारण्याची वेळ या मंडळावर येऊ नये, एवढीच माझी आपणा सर्वांस हात जोडून विनंती आहे.